जहाजाचं व्रत

मुलगा प्रेम तेलवाहू जहाजावर नोकरीला लागल्यापासून चिखलीच्या शालूबाईंचं व्रत होतं, मोबाइलच्या नकाशावर त्याचं जहाज दिसल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. काल त्याचा फोन आला. "आई, तिकडच्या लढाईत फौज बेटावर उतरून राह्यली. त्यांच्या आरमाराले डिझेल द्याले चाललो. जवळ गेलो का जहाजाचा सिग्नल बंद करतीन." "काऊन रे?" "दुश्मनाले दिसू नये म्हणून." आज नकाशावर नुसतं निळं पाणी होतं. दुपार कलली. गरोदर सून सुचिता भाकरी झाकून समोर बसली होती. सासूआधी ती कधी जेवत नसे. "तू खाऊन घे, माय." "तुमच्याआधी नाही, आत्याबाई. दिसलं का जहाज?" तिचे सुकलेले ओठ पाहून शालूबाईंनी मोबाइल पालथा घातला. "हाव, दिसलं ना! वाढ." सुचितानं हात जोडून भाकर मोडली. शालूबाईंचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला.