गाडी स्लो धरत नाही

"गेली पुन्हा," मुलगी म्हणाली आणि किक सोडून खाली बसली.

गेल्या सोमवारपासून रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. गाडी सुरू व्हायला कुरकुर करत नसे. रेस दिली की खणखणीत बोलायची. पण मूठ सोडली की स्लो धरायची नाही. आवाज उगाच वर चढायचा, खाली यायचा, दोन उचक्या द्यायचा आणि गप्प व्हायचा.

बापाने मुकाट्याने कार्ब्युरेटर उतरवायला घेतला. चौथ्यांदा.

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाडी अजून वळणावर असायची आणि हा गॅरेजमधून ओरडायचा, "टॅपेट वाजतायत रे!" अशा माणसाला स्वतःच्याच जुन्या गाडीचं दुखणं सापडू नये? बायको दारातून डोकावून म्हणाली, "एवढ्या दिवसांत दोघांनी मिळून नवी गाडी उभी केली असती." मुलगी हसली. तो हसला नाही.

कारण दुखणं त्याला सोमवारीच सापडलं होतं. दोन मिनिटांत.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारं एक बोटभर रबर असतं. त्याच्या पोटाला केसाएवढी चीर गेली होती. तिथून हवा आत शिरत होती. त्याने चिरेवर अंगठा दाबला, तशी रडणारं पोर कडेवर घेतल्यावर गप्प व्हावं तसं इंजिन शांतपणे एका लयीत चालू लागलं. अंगठा काढला, पुन्हा उचक्या. नवं रबर टाकलं की झालं, पाव तासाचं काम. हे सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी बाह्या सरसावत आली, शेजारच्या उलट्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, कुठून सुरुवात करायची?"

त्याचं तोंड मिटलं. मग म्हणाला, "प्लगपासून."

मुलीला जमीन मोजणीच्या कामावर नेमणूक मिळाली होती. घरापासून तीनशे किलोमीटर लांब, जिथे बस जेमतेम पोचते. म्हणून तर गाडी हवी होती. त्याआधी चार वर्षं ती शिकायला हॉस्टेलवर होती. त्या चार वर्षांत बापलेकीचं फोनवर बोलणं ठरलेलं. "जेवलीस?" "हो." "बरं. आईला देतो." मुलीशी याहून जास्त काय बोलायचं असतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

पण हातात स्क्रू ड्रायव्हर आला आणि त्याची जीभ सैल झाली. प्लग घासता घासता त्याने आपल्या उस्तादाची गोष्ट सांगितली. काम चुकलं की उस्ताद पाना फेकून मारायचा आणि मग स्वतःच मलम लावायचा. मंगळवारी दोघांनी कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा जेट तोंडाने फुंकून साफ केला, तोंडात पेट्रोल गेलं आणि दोघंही थूथू करत अंगणात पळाली. बुधवारी त्याने सांगितलं, की याच गाडीवर तो तिच्या आईला बघायला गेला होता. निघताना गाडी दारातच रुसली. ती सुरू होईना, म्हणून तिच्या घरच्यांनी जेवायला थांबवून घेतलं. "लग्न माझ्याकडे बघून नाही जमलं," तो म्हणाला, "माझी भूक बघून जमलं. तुझ्या आजीला खाणारा जावई हवा होता." मुलगी इतकी हसली, की हातातला इवलासा जेट निसटला आणि दोघंही रांगत रांगत तो शोधत बसली. गुरुवारी हवेचा स्क्रू झाला. शुक्रवारी त्याने दुकानातून नवं रबर आणलं आणि खिशातच ठेवलं. शनिवारीही ते खिशातच राहिलं.

आज रविवार. उद्या पहाटे निघायचं.

मुलीने फडक्याला हात पुसले. "राहू दे, बाबा. अशीच नेते. थांबायची वेळ आली की रेस देत राहीन."

तो थबकला. तीनशे किलोमीटर, चढाचा रस्ता, मागे भरलेला ट्रक आणि नेमक्या वळणावर गाडीची उचकी. सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने खिशात हात घातला आणि रबराची पुडी दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवली.

"हे टाकलं की झालं," तो खाली मान घालून म्हणाला. "मला सोमवारीच कळलं होतं."

"मग?"

"मग काय? पाव तासाचं काम. झालं असतं तर तू उठून आत गेली असतीस."

ती उठली आणि खरंच आत गेली. तो फरशीकडे बघत बसला. सहा दिवस पोरीला काळ्या हातांनी राबवलं, निघायच्या घाईत असताना. रागावली तर रागावू दे, तिचा हक्कच आहे. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग पावलं परत आली.

तिने त्याच्या पुडीशेजारी दुसरी पुडी ठेवली. अजून न फोडलेली. आत तेच रबर, त्याच मापाचं.

"मला मंगळवारी सापडलं," ती खोक्यावर बसत म्हणाली. "पण तुम्ही बोलायला लागला होतात, बाबा."