आज भाजी काय?

"आज भाजी काय, भाऊजी?"

मागच्या गॅलरीतून शेजारच्या निमकरबाईंनी रोजच्यासारखं विचारलं. आप्पांनी हातातला बिस्किटांचा पुडा कठड्याआड धरला. "पडवळ," ते म्हणाले.

बायको जाऊन चार महिने झाले होते आणि बाईंचा हा प्रश्न एक दिवस चुकला नव्हता. मुलाला हे घर बंद करून आप्पांना बंगळूरला न्यायचं होतं. आप्पा नीट जेवत नाहीत, हे त्याला इथून कुणीतरी कळवत असणार. आता फोनवर त्याच्या तोंडी पडवळ आलं, की चोर सापडला.

संध्याकाळी मुलाने फक्त रक्तदाबाच्या गोळीचं विचारलं. शेवटी आप्पांनीच विषय काढला. "निमकरबाई तुला फोन करतात का रे?"

"त्यांच्याकडे माझा नंबर कुठाय?"

दुसऱ्या दिवशी आप्पा आधीच गॅलरीत येऊन उभे राहिले. "आमच्या भाजीशी तुम्हाला काय करायचंय हो?"

बाई ओला टॉवेल पिळत राहिल्या. "आमचे हे गेले, तेव्हा वहिनी मला रोज विचारायच्या. त्यांना खोटं सांगवेना, म्हणून मी एकटीपुरता गॅस पेटवायला लागले." टॉवेल दोरीवर टाकून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून फोडणीचा वास कधी येत नाही, भाऊजी."

आप्पा आत गेले. खिळ्यावरची बायकोची पिशवी काढून ते पुन्हा गॅलरीत आले.

"मंडईतून येतो," ते म्हणाले. "मग विचारा."