बंद पडलेले काटे

डॅशबोर्ड, जुना:
नवी नवरी असताना आई म्हणे गाडीत तोंडच उघडत नसे. मग वेगाचा आणि पेट्रोलचा, दोन्ही काटे बंद पडले आणि तिला बोलावंच लागलं.
"अहो, सावकाश! विमान आहे का हे?"
"अहो, पंप आला, वळवा."
ती गाडी विकेपर्यंत आईच आमचा डॅशबोर्ड होती.

डॅशबोर्ड, नवा:
काटे नाहीतच. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता स्क्रीन, आणि तो बोलतो. "वेग जास्त आहे." "इंधन कमी आहे." आठवडाभर आई शेजारी पाहुण्यासारखी गप्प बसून होती.
आज सिग्नलला बाबांनी स्क्रीनवर दोनचार ठिकाणी बोट दाबलं. आवाज गेला.
"बिघडला वाटतं," बाबा म्हणाले.
"तरी मी म्हणत होते!" आई सरसावून बसली. "अहो, हळू! पुढे खड्डा आहे!"

मागच्या सीटवर मी ओढणी तोंडात कोंबून हसत होते.

डॅशबोर्ड, जुना, मागची बाजू:
गाडी विकताना मेकॅनिक मला म्हणाला होता, "ताई, काटे ठणठणीत आहेत. वायरी कुणीतरी मुद्दाम काढून ठेवल्यात."