माहेरचं नाव

"हितं कुनी बसलंय का?" नंदाबाईंनी विचारलं.

खिडकीशी बसलेल्या बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि जागा केली. मागं तीन बाकं सबंध रिकामी होती, पण नंदाबाई तिथंच टेकल्या. बाई साधारण त्यांच्याच वयाच्या होत्या. पायांत नवेकोरे बूट, कुणीतरी हौसेनं घेऊन दिलेले.

लोणावळा स्टेशनवरून तळी दाखवणारी मिनीबस सुटली. तेजल नावाची तरतरीत गाईड माइक घेऊन उभी राहिली. आधी वळवण, मग तुंगार्ली, शेवटी पवना. मे संपत आला होता. पाणी तळाला गेलं होतं.

"धरणात बुडालेलं देऊळ सध्या उघडं पडलंय बरं का," तेजल म्हणाली. "नशीबवान आहात."

"तुमी एकल्याच?" नंदाबाईंनी शेजारणीला विचारलं.

"मुलगा येणार होता. ऐनवेळी त्याला काम निघालं." बाईंचं नाव कस्तुराबाई. वराळ्याच्या नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायच्या.

"सातव्या? मंग वारा लय आसंल."

"वारा भरपूर आहे. बोलायला माणूस नाही."

कामशेतला नंदाबाईंचंही दार दिवसभर कुणी वाजवत नसे.

वळवणच्या काठावर एका जोडप्यानं दोघींना फोटोतून जरा बाजूला व्हायला सांगितलं.

"चला, सरका," नंदाबाई म्हणाल्या. "आपन दोगी तळ्याचं रूप घालवतोय."

कस्तुराबाई खळखळून हसल्या. तोंडावर हात ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

तुंगार्ली पाहून बस दुधिवरे खिंडीतून खाली उतरली. भातखाचरांत काळे चौकोन दिसू लागले.

"अरे देवा! वणवा लागला होता का इथं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"वनवा न्हाई. राब भाजल्यात. भाताचं रोप टाकायच्या आदी पाला, शेन पसरून जमीन भाजत्यात. मावळात दर सालचंच हाय."

"असं होय!"

पवनेच्या काठी, आंब्याच्या सावलीत, नंदाबाईंनी डबा सोडला. तांदळाच्या चार भाकरी, लसणाची चटणी, दोन कांदे.

"एकटीसाठी एवढं?"

"सवय हाय. घ्या." त्यांनी एक भाकरी पुढं केली. "मी हितं हिंडाय येत न्हाई बगा. मैत्रीण हुडकाय येते. सरू तिचं नाव."

मग त्यांनी सगळं सांगितलं. समोरच्या पाण्याखाली त्यांचं गाव होतं. सरूच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. भिंतीत एक देवळी होती, आरपार कोनाडा. तिच्यातून दोघी एकमेकींना बोरं द्यायच्या. धरण झालं, गाव उठलं, माणसं चहूकडं पांगली.

"नावावरून शोधता येईल की."

"बाईचं नाव ऱ्हातंय कुटं? लग्नात सासरची मानसं नवं ठेवत्यात. मी माहेरची गंगू. नंदा झाले. आता सरूची कोन झाली, कसं कळावं? म्हनून आपल्या वयाची बाई दिसली की माहेरचं नाव इचारते."

"मला नाही विचारलंत."

नंदाबाईंनी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला.

"भ्या वाटतं. न्हाई म्हनलात तर? डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पुढल्या सालाला मानूस दिसंल का न्हाई, कुनी सांगावं."

देवळापाशी गर्दी होती. पोरं चिखल वाळलेल्या दगडांवर चढत होती. "कुठल्या देवाचं देऊळ हो हे?" कस्तुराबाई तेजलला विचारत होत्या. नंदाबाई तेवढ्यात मागच्या बाजूला गेल्या. भेगाळलेल्या जमिनीवर उकिडव्या बसल्या. कनवटीची हिरवी बांगडी काढून एका भेगेत ठेवली आणि वर चिमूटभर माती सारली.

"देव तर पुढं आहे ना?" मागून येत कस्तुराबाई म्हणाल्या.

"पुढं गर्दी लय."

परतीच्या बसमध्ये कस्तुराबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. कामशेत जवळ आलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या,

"माझं माहेरचं नाव सरू."

नंदाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांत त्यांचा हात धरला. बापाचं नाव विचारलं नाही, देवळी कुठल्या भिंतीला होती तेही विचारलं नाही.

"लय बदललीस गं," त्या म्हणाल्या.

"तू तरी कुठं ओळखू येतेस!"

मग काय! नंदाबाईंनी बोरांचं सांगावं, शाळेच्या मास्तरांचं सांगावं, आणि कस्तुराबाईंनी डोळे पुसत "हो, हो" म्हणावं. पुढच्या बाकावरच्या तेजलनं माइक बंद करून ठेवला. कस्तुराबाईंनी तिकिटाच्या पाठीवर आपला नंबर लिहिला.

"रोज संध्याकाळी बोलायचं," त्या म्हणाल्या. "विसरायचं नाही, गंगू."

"मी कशाला इसरते?"

नंदाबाई कामशेतला उतरल्या. बस लोणावळ्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून एक हात हलत होता.

शेजारची समीक्षा ओट्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"समीक्षा, एवढा नंबर घाल गं फोनात. सरू म्हनून."

समीक्षानं फोन घेतला, बटणं दाबली आणि थांबली.

"आजी, सरू नावाचे तीन नंबर आहेत आधीच."

"मंग चौथी सरू लिव."

फोन हातात घेऊन नंदाबाई घरात गेल्या आणि संध्याकाळ व्हायची वाट पाहत बसल्या. गाव उठायच्या आदल्या उन्हाळ्यात, तापानं गेलेल्या बारा वर्षांच्या सरूला देवळामागं पुरलं, तेव्हा एक मूठ माती गंगूनंही लोटली होती.