दोन्ही हात मोकळे

"हे बोलाचं पॅक राहू द्या अन् नेट टाका," बेबीताईंनी फोन काउंटरवर ठेवला. "मले बोलनं नको."

जमशेदभाईंनी नाकावर घसरलेला चष्मा बोटानं वर ढकलला. कामरगावच्या स्टँडसमोर एवढी वर्षं ते रिचार्ज मारत आले, पण असं गिऱ्हाईक काही आलं नव्हतं. परवाच त्यांनी बेबीताईंना सगळ्यात स्वस्त प्लॅन निवडून दिला होता. नेट नाही, भानगड नाही, महिनाभर पाहिजे तेवढं बोला. बेबीताईंनीही मुकाट्यानं मान हलवली होती. दुकानात गावचे चार लोक उभे, त्यांच्यापुढे घरचं काय सांगत बसायचं! त्या गप्प बसण्यानंच घात केला.

कारण बोलायचं होतं रूपाशी, आणि रूपाला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकींचं सगळं बोलणं हातांनी. भांडणसुद्धा. लिहिणं-वाचणं बेबीताईंच्या वाट्याला आलं नव्हतं, म्हणून मेसेजचाही उपयोग नाही. रविवारी पोरगी कॉम्प्युटर शिकायला अमरावतीच्या होस्टेलला गेली. पहिले दोन दिवस शेजाऱ्याच्या नेटवर, फोन तांब्याला टेकवून कसंबसं बोलणं झालं. मग शेजारी गेला सासुरवाडीला. आणि आज दुपारी होस्टेलच्या मॅडमचा फोन आला: "रूपा बॅग भरून बसली आहे. उद्या सकाळच्या गाडीनं घरी जाते म्हणते. एकदा गेली की तिची जागा दुसरीला द्यावी लागेल हो."

आता बोला!

बाकावर जीपची वाट पाहत भाऊसिंग बसले होते. त्यांना गंमत सुचली. "काय बेबीताई, रील पाहाचा नाद लागला का?"

"लागला ना, भाऊ. रिकामे बसलेले लोकं दिसतात म्हने त्याच्यात."

भाऊसिंगांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. जमशेदभाई मात्र समजावणीच्या सुरात म्हणाले, "पन ताई, नेटचं पॅक महाग जाते. कायले पाह्यजे तुमाले?"

आज बेबीताईंनी कोणाचीच भीड धरली नाही. "माह्या रूपाशी बोलाचं हाये. फोनवर तिले ऐकू येनार हाये का? तिले माहे हात दिसा लागते. आज दिसले नाही तं ते पोरगी उद्या घरी येते, अन् मंग पुन्हा काही जात नाही."

"या अल्ला," जमशेदभाईंचा चेहरा उतरला. रूपा त्यांच्या डोळ्यांपुढे लहानाची मोठी झाली होती. "माह्या ध्यानातच नाही आलं."

"तुमच्या कुठून येईन? मीच बोलली नाही."

"महिन्याचं नेट टाकू?"

बेबीताईंनी हातानंच थांबवलं. "नाही. हप्त्याचं छोटं पॅक मारा. पहिला हप्ता निघाला का रुळते ते. मी लग्न होऊन इथं आली, तवा मी बी हप्ताभरच रडली."

रिचार्ज झाला. बेबीताईंनी रूपाच्या फोटोवर बोट ठेवलं आणि फोन काउंटरवरच्या खोक्याला टेकवला. तो घसरून पडला. हातात धरला, तर बोलायला एकच हात उरला. एका हातानं बोलणं म्हणजे तोंडात घास ठेवून बोलण्यासारखं, अर्धं कळतं, अर्धं नाही. जमशेदभाई काउंटरच्या मागून बाहेर आले, फोन घेतला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरून उभे राहिले. "बोला."

रूपा दिसली. डोळे सुजलेले. मागं खाटेवर बॅग, चेनसुद्धा लावलेली.

मग बेबीताईंचे हात जे सुटले! जेवली का? केस काहून नाही विंचरले? पलीकडून रूपाचे हात भराभर रडगाणं सांगू लागले. इथं कोणी आपलं नाही. भाजीला चव नाही. मी येतो घरी.

ये म्हणावं, असं बेबीताईंच्या अगदी ओठांवर, म्हणजे बोटांवर आलं होतं. घर खायला उठलं होतं त्यांना. पण त्यांनी हात आवरले आणि सावकाश सांगितलं: हप्ताभर थांब. रोज संध्याकाळी मी तुला दिसीन. तरी नाही करमलं, तर मी स्वतः येतो एसटीनं, तुला घ्यायला.

रूपा वाकून फोनजवळ आली. मग तिनं विचारलं, फोन आज हलत कसा नाही? धरलाय कोणी?

बेबीताईंनी एक बोट नाकाशी नेलं आणि तिथं नसलेला चष्मा वर ढकलला. रूपा खुदकन हसली. रविवारपासून पहिल्यांदा.

"हे काय केलं तुमी?" जमशेदभाईंनी विचारलं.

"तुमचं नाव घेतलं. लहानपनीच ठेवलं तिनं."

जमशेदभाईंचा चष्मा खरंच पार नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण दोन्ही हात फोनला. बाहेर जीपनं हॉर्न दिला. भाऊसिंग उठले, जमशेदभाईंचा चष्मा बोटानं नीट वर सारला आणि परत बाकावर बसले. जीप गेली.

तिकडं रूपानं पायानं बॅग खाटेखाली लोटली. मग नाकावर बोट नेऊन तिनं दोनतीन खुणा केल्या.

बेबीताईंनी पदरानं डोळे पुसले.

"काय झालं, ताई?" फोन तसाच धरून जमशेदभाईंनी घाबरत विचारलं. "येते का उद्या?"

"नाही. चष्मेवाल्या काकाले सांग म्हने, उद्या याच टायमाले दुकानात राहाचं."