फिर्मिनची जागा

ट्रॅकखालच्या बोगद्याच्या पायऱ्या चढून तिघं ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेत आले, तेव्हा दुपारची पहिली शर्यत सुरू झाली होती. लाकडावरून धावणाऱ्या चाकांची घरघर चहूबाजूंनी फिरत होती. लुक्रेसने कोट आधीच काढून हातावर घेतला होता. नोएल आणि गिल्बेर मात्र दरवर्षीसारखे आत आल्यावर घामाघूम झाले आणि गर्दीत बाह्यांशी झटापट करत बसले.

गेंट शहरातली ही सहा दिवसांची सायकल शर्यत त्या दोघांनी तरुणपणापासून कधी चुकवली नव्हती. आज रविवार, शेवटचा दिवस. या खेपेला लुक्रेसने आपणहून फोन केला होता. फिर्मिनला जाऊन सहा-सात महिने झाले होते. त्याच्या जागी मला न्याल का, असं तिने विचारलं. मित्राच्या बायकोला नाही कसं म्हणायचं, ते नोएलला सुचलं नाही.

अडचण एवढीच होती, की फिर्मिनची इथे जागाच नव्हती.

दर नोव्हेंबरात तो नोएलच्या गाडीतून त्यांच्याबरोबर यायचा आणि ट्रॅकभोवतीच्या बागेच्या फाटकाशी उतरून उलट्या दिशेने चालू लागायचा. शर्यत संपली, की त्याच फाटकाशी उभा असायचा. परतीच्या वाटेवर गिल्बेर त्याला कोण जिंकलं, कोण पडलं ते सांगायचा. घरी गेल्यावर तेच तो रंगवून बायकोला सांगायचा. पहिल्या वर्षी नोएलने विचारलं होतं, जातोस तरी कुठे? तेव्हा फिर्मिन हसून म्हणाला होता, "माहीत नसलेलं बरं. उद्या कोणी विचारलं तर खोटं तरी बोलावं लागणार नाही." पुन्हा दोघांपैकी कोणीही विषय काढला नाही.

"ती जे म्हणेल त्याला मान डोलवायची," येताना गिल्बेर नोएलच्या कानाशी पुटपुटला होता. "तासाभरात कंटाळेल बघ."

लुक्रेस कंटाळली नाही. गिल्बेरने आणलेली बीअर तिने चवीने प्यायली, सॉसेजचा पाव मोहरी लावून खाल्ला आणि जोड्यांची मोठी शर्यत लागली तशी कठड्याजवळ जाऊन उभी राहिली. प्रत्येक जोडीतला एक जण जीव तोडून चालवत होता, दुसरा वरच्या कडेने दम खात रेंगाळत होता. जवळ येताच दमलेला आपल्या जोडीदाराचा हात धरून त्याला पुढे भिरकावून द्यायचा. नवख्या माणसाला यातलं काही उमगत नाही. गिल्बेर मोठ्या हौसेने समजावून सांगायला लागला, तर लुक्रेसनेच त्याला सांगितलं, की निळ्या जोडीतला उंच पोरगा हात उशिरा सोडतोय, ते एक फेरी मागे पडणार. थोड्या वेळाने तसंच झालं.

"फिर्मिनने घरी शिकवून ठेवलेलं दिसतंय," गिल्बेर बोलून गेला.

नोएलला बीअरचा ठसका लागला. आपण काय बोललो ते ध्यानात आल्यावर गिल्बेरचेही कान लाल झाले. लुक्रेसचं मात्र लक्ष नव्हतं. ती मान वर करून बघत होती. मघापासून तिचं हे चाललं होतं. वरचे दिवे डोळ्यांवर येत असतील, असं नोएलला वाटलं. मग वाटलं, डोळ्यांतलं पाणी लपवत असेल.

छोट्या मोटारसायकलींच्या मागोमाग सायकली पळवायची शर्यत संपून बँड वाजू लागला, आणि गिल्बेर ग्लास भरायला गेला. तेवढी वेळ साधून लुक्रेसने विचारलं, "फिर्मिन कुठे उभा राहायचा?"

हा प्रश्न येणार हे नोएलला माहीत होतं. "इथंच," तो म्हणाला. "आमच्या दोघांच्या मध्ये."

"ओरडायचा का रे?"

"घसा बसेपर्यंत."

ती हसली. आता सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. मेलेल्या माणसाचं गुपित मोठं, की समोर उभी असलेली ही बाई? पण ती इतक्या निवांत चेहऱ्याने उभी होती, की त्याला ते जमलं नाही.

"एकच सांग," ती म्हणाली. "इथून निघताना खूश असायचा का तो?"

नोएलला फाटकाशी उभा असलेला फिर्मिन आठवला. टोपी मागे सरकवलेली, थंडीत गाल लाल झालेले, गाडीत बसल्यावरही शीळ घालणारा. सबंध दुपारभरात पहिल्यांदाच त्याला खरं बोलायची संधी मिळाली होती.

"फार खूश असायचा," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो."

"बरं झालं," लुक्रेस म्हणाली. तिने त्याचा दंड हलकेच दाबला. "मला तेवढंच हवं होतं."

नोएलच्या छातीवरचं ओझं उतरलं. गिल्बेर ग्लास घेऊन आला, तेव्हा त्याने त्याला डोळ्यांनीच खूण केली, की निभावलं. तिघांनी फिर्मिनच्या नावाने ग्लास उंचावले. शेवटच्या शर्यतीचे गडी ट्रॅकवर उतरत होते, लोक टाळ्यांचा ठेका धरत होते, आणि फिर्मिन असता तर त्यालाही हे आवडलं असतं, असं नोएलला मनापासून वाटलं.

इतक्यात बोगद्याच्या पायऱ्या चढून एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा आला. गर्दीतून वाट काढत तो सरळ त्यांच्यापाशी पोचला आणि लुक्रेसच्या हातावरचा कोट त्याने न विचारता आपल्या हातावर घेतला.

"वर एकट्याला करमेना," तो तिला म्हणाला.

"हा उर्बेन," लुक्रेस नोएलकडे वळून म्हणाली. "आमच्या जागा वर असतात, त्या वळणाशी. माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षापासून. तिथून खालचा माणूस न् माणूस ओळखू येतो."