ओढ्याकाठचा पट्टा

सासऱ्यांच्या पाठीवर फवारणीचा पंप होता आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. सून ओढ्याच्या काठावर उभी राहून नुसती बघत होती. काल सकाळपर्यंत जिथे कमरेइतकं गवत, नेचे, वेली आणि कसलीकसली झुडपं होती, तिथे आज सगळं माना टाकून पडलं होतं. पानं करपली होती. तणनाशकाचा उग्र वास अजून हवेत होता. काल ती दिवसभर गटाच्या बैठकीला गेली होती, तेवढ्यात म्हाताऱ्याने डाव साधला होता आणि आज उरलंसुरलं मारायला पुन्हा पंप चढवला होता.

“पाहुणे यायचेत ना आज,” सासरे म्हणाले. “म्हटलं, चारचौघांत तुझी मान खाली जायला नको.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणे कसले, तपासनीस येणार होता. ओढ्याकाठी तेलासाठी पाम लावणाऱ्या सगळ्यांचा मिळून एक गट होता आणि तो तिने दारोदार फिरून, लोकांचे टोमणे खाऊन उभा केला होता. नियम साधा होता. ओढ्यालगतचा पट्टा रानाला सोडायचा. पट्ट्याच्या कडेच्या झाडांना तांबडी खूण करायची आणि त्या खुणेपलीकडे विषाचा थेंब पडू द्यायचा नाही, म्हणजे ते पाण्यात उतरत नाही. एकाने जरी नियम मोडला तरी सगळ्या गटाचं रान-पाणी जपल्याचं हिरवं प्रमाणपत्र जाणार होतं. आणि आता तो मोडला कुणी, तर तिच्याच घरच्या माणसाने.

सासऱ्यांना हा नियम कधी पटलाच नव्हता. त्यांचा जन्म झाडाखालचं आळं लख्ख ठेवण्यात गेलेला. तण म्हणजे आळशाची खूण, एवढंच त्यांना ठाऊक. सूनबाईंनी शेताला दाढी राखलीय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. संध्याकाळी त्याच दाढीत बसून मासे पकडायचे, ते वेगळं. शेजाऱ्यांच्या काठाला एक शेपूट हलत नाही, मासे लागतात ते आपल्याच काठाला, याचा त्यांना कोण अभिमान. माझ्या हाताला यश आहे, म्हणायचे.

तिने त्यांना जे सुनावलं, ते सुनेने सासऱ्याला सुनावायचं नसतं. म्हातारा आधी गोंधळला, मग दुखावला. बाकीच्यांचे पट्टे मी ओढ्यातून येता-जाता बघतो, सगळ्यांचे असेच लख्ख असतात आणि तरी दरवर्षी पास होतात, मग तपासनिसाला हेच आवडत असणार, असं त्यांचं म्हणणं. तिने ते उडवून लावलं. आपलं पाप झाकायला दुसऱ्यांवर ढकलू नका, म्हणाली. गटातल्या प्रत्येकाने तिला शब्द दिला होता. दिलेल्या शब्दानंतर कुणाच्या मागच्या बांधावर जाऊन डोकावणं तिला शोभलं नसतं. नवरा मधे पडेल म्हणावं, तर तो तुम्ही दोघं बघून घ्या म्हणून तेलगिरणीवर निघून गेला. घरात वाजलं की त्याला कामाची फार आठवण येते. सासरे पंपही न उतरवता बांधावर रुसून बसले.

तपासनिसाची जीप आली. मागोमाग गटातली मंडळी आली, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. पट्ट्यावर ओझरती नजर टाकून सगळे सावलीला उभे राहिले. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती. ती सरळ तपासनिसापुढे जाऊन उभी राहिली. पट्ट्यावर काल विष मारलंय, शेत आमचं, चूक आमच्या घरची, आम्हाला नापास करा, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

तपासनीस थेट पाण्यापर्यंत जाऊन आला. करपलेलं गवत त्याच्या बुटांखाली मोडत गेलं. मग लहान मुलीची समजूत काढावी तसा तो हसला.

“ताई, एवढं काय मनाला लावून घेता? नियम आहे तो आहे, पण पट्टे सगळ्यांचेच असे असतात. आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो. फोटो तेवढे तुमच्या पट्ट्याचे काढायचे आणि सगळ्यांच्या नावावर लावायचे. यंदा गेल्या वर्षीचे लावू.”

तिने मागे वळून बघितलं. एकजण मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत होता. बाकीचे झाडांचे शेंडे बघत होते, जणू घड आजच लागलेत. कालच्या बैठकीत तिच्या भाषणाला याच माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इतकी वर्षं तिने ज्यांच्यासाठी जीव टाकला, ते तिचंच रान आपल्या नावावर दाखवून पास होत होते, आणि सकाळी तिने खोटं ठरवलं होतं ते एकट्या म्हाताऱ्याला.

तपासनिसाने जीपमधून नवा हिरवा बोर्ड काढला आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणून सासऱ्यांपुढे धरला. फोटोसाठी सगळे गोळा झाले.

सासऱ्यांनी बोर्डाला हात लावला नाही. त्यांनी पाठीवरचा पंप उतरवून खाली ठेवला. करपलेल्या पट्ट्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग सुनेकडे.

“नापास लिहा, साहेब,” ते म्हणाले. “मासे लागत होते ते माझ्या हाताच्या यशाने नव्हे, त्या रानामुळे. या अख्ख्या ओढ्यावर एकच पट्टा खरा होता, आणि तो काल मी मारला.”